दुसरी सायकल

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक प्रश्न उपस्थित झाला आणि तो सुटण्यास सुमारे तीन आठवडे लागले. मी दुसरी सायकल घ्यावी की घेऊ नये, असा तो प्रश्न होता. पहिली सायकल घरात होतीच. माझ्या वडिलांनी घेतलेली, काळ्या रंगाची, चोवीस इंची, मागे कॅरिअर आणि साखळीवर पत्र्याचे झाकण असलेली ही सायकल माझ्या प्रत्येक बदलीत सामानाबरोबर हिंडली असून सध्या बडोद्याच्या आमच्या बिऱ्हाडी जिन्याखाली उभी असते. तिच्यावरूनच मी कचेरीत जातो. आता मला एक हलकी, गिअरची सायकल हवी होती. ही गोष्ट काढताच आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, एक सायकल आहे ना? मग दुसरी कशाला?"

प्रश्न रास्त होता. कोणी एखादी वस्तू 'दुसरी' मागितली की पहिलीचे काय झाले असे विचारण्याची सरकारी रीत आहे, आणि ती रीत मी स्वतः कित्येक फाइलींवर कसोशीने पाळली आहे. पूर्वी केंद्र सरकारच्या नोकराला निदान सायकलीसाठी अग्रिम रक्कम मिळे. सातव्या वेतन आयोगाच्या अहवालानंतर २०१६ साली तीही बंद झाली. तेव्हा माझ्या प्रस्तावास मंजुरी देणारे कार्यालय आता घरातले तेवढे उरले होते. मी इतिहास हा विषय घेऊन एम. ए. झालो आहे. पदवीचा संसारात फारसा उपयोग झालेला नाही. या वेळी तो करून पाहावा, पूर्वीचे दाखले गोळा करावेत आणि रीतसर बाजू मांडावी, असे मी ठरविले.

पहिला दाखला मी थेट आरंभापासून घेतला. सायकलीचा आद्य जनक माझ्यासारखाच सरकारी नोकर होता, हे मला मोठे शुभलक्षण वाटले. जर्मनीतील बाडेन राज्यात कार्ल फोन ड्राइस नावाचे वनखात्याचे अधिकारी होते. १२ जून १८१७ रोजी मॅनहाइम शहरातून ते एका लाकडी दुचाकीवर बसून निघाले आणि जाऊन येऊन सुमारे चौदा किलोमीटरचे अंतर त्यांनी तासाभराच्या आत तोडले. या दुचाकीला पेडल नव्हते. स्वार बसूनच जमिनीला पायाने रेटा देई. त्याआधी दोन वर्षे, १८१५ साली, इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता. त्याच्या राखेने आकाश झाकोळून १८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही, पिके बुडाली आणि घोड्यांना चारणेही लोकांना परवडेनासे झाले. घोड्यावाचून चालणारे वाहन ड्राइस यांना या टंचाईतूनच सुचले असावे, असे काही इतिहासकार मानतात.

माझ्या श्रोत्यांनी, म्हणजे एकट्या सौभाग्यवतींनी, हे सर्व भाजी निवडता निवडता ऐकून घेतले आणि म्हटले, "हा पहिल्या सायकलीचा दाखला झाला. दुसरीचा कोठे आहे?"

दुसऱ्या संध्याकाळी मी यंत्रशास्त्राचा आधार घेतला. १८६०नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये दुचाकीच्या पुढच्या चाकालाच पेडल बसविण्यात आले. पेडल एकदा फिरविले की चाकही एकदाच फिरे. अर्थात वेग वाढवायचा तर चाक मोठे करण्याखेरीज गत्यंतर नव्हते. त्यामुळे पुढचे चाक वाढत वाढत पाच फुटांपर्यंत गेले आणि स्वार घोडेस्वाराहूनही उंच जाऊन बसला. पाच फुटी चाक एका फेऱ्यात जवळजवळ सोळा फूट पुढे जाते. परंतु वाटेत एखादा दगड आला की स्वारही तितकाच पुढे, आणि तोही डोक्यावर, जाऊन पडे. हे संकट १८८५ साली टळले. इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली यांनी 'रोव्हर' ही सायकल काढली. तिची दोन्ही चाके जवळपास सारखी होती आणि पायाचे बळ साखळीने मागच्या चाकाला पोचत होते. पुढच्या चकतीला अठ्ठेचाळीस आणि मागच्या चकतीला सोळा दाते असले, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक तीनदा फिरते. मोठ्या चाकाचे काम दात्यांच्या हिशेबाने केले. १८८८ साली बेलफास्टमध्ये राहणारे पशुवैद्य जॉन डनलप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेली रबरी धाव तयार केली. असाच शोध रॉबर्ट टॉमसन यांनी १८४५ साली नोंदविला होता, पण तो तेव्हा विस्मृतीत गेला होता. साखळी आणि हवेची धाव एकत्र आल्यावर सायकल जी झाली, ती मूळ रूपाने आजही तशीच आहे.

"तात्पर्य," मी म्हणालो, "दात्यांचा हिशेब रस्त्याप्रमाणे बदलता यावा लागतो. आपल्या जुन्या सायकलीला एकच हिशेब ठाऊक आहे. गिअरची सायकल चढावर हलकी चालते."

"बडोद्यात चढ कोठे आहे?" असा प्रश्न आला.

मी रेल्वेवरील पुलाचा उल्लेख केला. तो पुरेसा ठरला नाही.

तिसऱ्या वेळी मी राजदरबारी गेलो. वर ज्यांचा उल्लेख आला त्या स्टार्लींचे चुलते जेम्स स्टार्ली हेही कॉव्हेंट्रीचेच, आणि मोठे कल्पक कारागीर. उंच चाकाच्या सायकलीवर लांब झग्यातील स्त्रीला बसणे अशक्य होते. म्हणून त्या काळी स्त्रियांसाठी आणि वयस्कांसाठी तीनचाकी निघाल्या. दोघांनी शेजारी शेजारी बसून आपापल्या बाजूचे चाक चालवावे, अशी एक गाडी जेम्स स्टार्लींनी बनविली. असे सांगतात की, ते आपल्या मुलाबरोबर तीवर बसून निघाले असता मुलाच्या पायात जोर अधिक असल्याने गाडी सारखी एका अंगाला वळे आणि शेवटी दोघेही खाजकुइरीसारख्या झुडपात जाऊन पडले. या अनुभवातून त्यांनी एक दंतचक्रांची रचना सिद्ध केली आणि १८७७ साली तिचे पेटंट घेतले. दोन चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू द्यावे, तरीही गाडी एकाच दिशेने चालावी, अशी ती योजना होती. पुढे मोटारगाडीच्या मागच्या आसात हेच तत्त्व वापरले गेले. या स्टार्लींच्या तीनचाकी व्हिक्टोरिया राणीच्या दृष्टीस पडल्या आणि १८८१ साली तिने त्या मागविल्या. एक नव्हे, दोन.

'दोन' या शब्दावर मी भर दिला. सौभाग्यवती म्हणाल्या, "राणीला मंजुरी कोणाची घ्यावी लागत होती? आणि त्या दोन्ही तिने एकटीसाठी घेतल्या होत्या का?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. परंतु माघार न घेता मी माझा सर्वांत भक्कम दाखला पुढे केला. २६ जुलै १८९५ रोजी पॅरिसजवळ सो या गावी पिएर क्युरी आणि मारिया स्क्लोडोव्स्का यांचा विवाह झाला. समारंभ साधा होता. भटजी, पाद्री कोणी नाही, मेजवानीचा थाट नाही. वधूने घातलेला पोशाख गडद निळ्या रंगाचा होता, कारण तो पुढे प्रयोगशाळेत वापरता यावा असा तिचा विचार होता. एका नातेवाइकाकडून आहेर म्हणून आलेल्या रकमेतून या दांपत्याने सायकली घेतल्या आणि फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून फिरत मधुचंद्र साजरा केला. पुढे तीनच वर्षांनी, १८९८ साली, या दोघांनी पोलोनियम आणि रेडियम ही मूलद्रव्ये शोधून काढली. "विज्ञानाच्या इतिहासातील या थोर संसाराचा आरंभ," मी म्हणालो, "दोन सायकलींच्या खरेदीने झाला."

सौभाग्यवतींनी हातातील वही बाजूला ठेवली. त्या शाळेत शिकवितात आणि रात्री मुलांच्या वह्या तपासतात. "दोन सायकली होत्या," त्या म्हणाल्या, "कारण बसणारी माणसे दोन होती. तुमच्या सगळ्या इतिहासात एकाच नवऱ्याने स्वतःसाठी दुसरी सायकल घेतल्याचा दाखला मला एकही दिसला नाही."

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. आक्षेप अचूक होता. मी माझा इतिहास पुन्हा एकदा आरंभापासून चाळला, आणि जी गोष्ट इतके दिवस डोळ्यांपुढे असूनही दिसली नव्हती ती दिसू लागली. सायकलीच्या कथेत 'दुसरी सायकल' जेथे जेथे येते, तेथे तेथे ती दुसऱ्या माणसाची असते, आणि ते दुसरे माणूस बहुधा स्त्री असते. अमेरिकेतील स्त्री-मताधिकाराच्या पुरस्कर्त्या सुसान अँथनी यांनी १८९६ साली एका मुलाखतीत सांगितले होते की, स्त्रियांच्या मुक्ततेला सायकलीने जेवढा हातभार लावला तेवढा दुसऱ्या कशानेही लावला नाही. हे मत मी विद्यार्थिदशेत वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. परंतु ते अमेरिकेबद्दल आहे, अशी माझी समजूत होती.

आपल्याकडील कथा निराळी आहे आणि तिचा आरंभ मराठी मुलखातच सापडतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असता त्यांनी सायकल पाहिली, आणि १८८८ साली बंधू रामुअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामुअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकाला चालवावयासही शिकवीत. किंमत सातशे ते हजार रुपये आणि शिकविण्याचे पंधरा रुपये, असे त्यांच्या चरित्रकथांत सांगितले जाते. त्या काळी एवढी रक्कम म्हणजे सामान्य नोकरदाराची कित्येक महिन्यांची मिळकत. याच दुकानातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर निघाले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. महाराष्ट्राच्या यंत्रयुगाची एक वाट अशी सायकलीच्या दुकानातून जाते.

स्वातंत्र्यानंतर सायकल स्वस्त झाली. १९४९ ते १९५६ या अवघ्या काही वर्षांत मद्रासजवळ अंबत्तूरला, बंगालात आसनसोलला, सोनीपतला आणि लुधियानात सायकलींचे मोठे कारखाने उभे राहिले. हजार रुपयांची चैनीची वस्तू कारकून, शिक्षक, गिरणी-कामगार आणि दूधवाला यांच्या दारात आली. परंतु आली ती एक. नगरपालिकेचा कर भरून मिळालेला बिल्ला तिच्यावर असे, रात्री दिव्यावाचून निघाल्यास पोलिसाची भीती असे, आणि तिच्यावर सगळ्या कुटुंबाचा भार असे. पुढे नळीवर मुलगा, मागे कॅरिअरवर एका अंगाला पाय सोडून बसलेली पत्नी, तिच्या मांडीवर धाकटे मूल, असा संसार आपण सर्वांनी पाहिला आहे. माझ्या आईवडिलांचा संसार मी तसाच, नळीवरून, पाहिला. त्या चित्रात जिव्हाळा होता, यात शंका नाही. परंतु हँडल कोणाच्या हाती होते, हेही त्यात स्पष्ट दिसते.

२०११च्या जनगणनेत देशातील शंभर घरांपैकी सुमारे पंचेचाळीस घरांत सायकल आढळली. मी स्वतः सरकारी तक्त्यांत वावरणारा मनुष्य असल्यामुळे हा आकडा मला परिचित होता. त्या रात्री मात्र प्रथमच माझ्या ध्यानात आले की, घरयादीच्या त्या रकान्यात सायकल घरात आहे की नाही एवढेच विचारलेले असते. ती घरातील कोण चालविते, याला तेथे जागा नाही.

ही जागा भरून काढण्याचा प्रयत्न आपल्याच देशात, आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या हातून, झालेला आहे. तामिळनाडूतील पुदुकोट्टई हा कोरडवाहू, गरीब जिल्हा. १९९१ साली तेथे साक्षरतेची मोहीम सुरू झाली तेव्हा शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या. गावोगाव जाऊन शिकविणाऱ्या कार्यकर्त्या स्त्रियांना बस मिळेना, आणि नवऱ्याच्या किंवा भावाच्या सवडीवर अवलंबून राहिल्यास वर्ग भरेना. तेव्हा सायकल शिकणे हा त्यांनी साक्षरतेचाच एक भाग केला आणि सायकल घेण्यासाठी कर्जाची सोय लावली. खाणीत काम करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या हजारो स्त्रिया सायकल चालवू लागल्या. बाजारात लेडीज सायकलींचा तुटवडा पडला, तर त्यांनी नळीच्या सायकली घेतल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांना भेटून हा वृत्तान्त लिहिला आहे. कित्येक स्त्रियांना तर नळीचीच सायकल अधिक पसंत पडली, कारण नळीवर मूल बसविता येते. नळीवर मूल आणि हँडल आईच्या हाती. माझ्या लहानपणीचे चित्र तेच होते. त्यातील माणसांच्या जागा मात्र बदलल्या होत्या.

पुढे २००६ साली बिहार सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा योजनेमुळे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची नोंदणी सुमारे एक-तृतीयांशाने वाढल्याचे दिसले. हा लाभ शाळा दूर असलेल्या गावांत अधिक होता. एरवी घरात सायकल येती तर ती बहुधा मुलाच्या वाट्याला गेली असती. येथे ती मुलीच्या नावाने आली. दुसरी सायकल म्हणजे काय, याचे याहून नेमके उत्तर मला कोठे सापडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी सौभाग्यवतींना विचारले, "तुला सायकल येते का?" आमच्या लग्नाला अठरा वर्षे झाली आहेत. हा प्रश्न मी त्यापूर्वी कधी विचारला नव्हता.

"मिरजेला असताना येत होती," त्या म्हणाल्या. "दादाने तासावर भाड्याने आणलेल्या मोठ्या सायकलीवर शिकले. नळीखालून पाय घालून. पुढे कॉलेजातही सायकलनेच जात होते. लग्न झाले, तुमच्या बदल्या सुरू झाल्या, आणि घरात एक सायकल होतीच."

'घरात एक सायकल होतीच' हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. म्हणूनच ते मला अधिक लागले. त्यांची शाळा आमच्या घरापासून अडीच किलोमीटरांवर आहे. तेथे जाण्यासाठी त्या रोज सकाळी पाऊण तास आधी निघतात, कारण नाक्यावरची रिक्षा पुरती भरल्यावाचून सुटत नाही. अडीच किलोमीटर म्हणजे सायकलीला दहा-बारा मिनिटे. हा हिशेब मला कोणत्याही सायंकाळी करता आला असता. मी मात्र ड्राइस यांनी मॅनहाइमला किती अंतर तोडले याचा हिशेब करीत बसलो होतो.

त्या रविवारी आम्ही दोघे दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, "मुलीसाठी पाहिजे का?" सौभाग्यवती म्हणाल्या, "नाही, माझ्यासाठी." त्यांनी चार-पाच सायकली पाहिल्या, बैठक उंच करवून घेतली, ब्रेक दाबून पाहिले आणि एक बेताच्या किमतीची, पुढे टोपली असलेली आणि साडी चाकात जाऊ नये म्हणून मागे जाळी बसविलेली सायकल निवडली. गिअर त्यांनी नाकारले. बडोद्यात चढ नाही, हे त्यांचे मत कायम होते.

संध्याकाळी आम्ही जवळच्या मैदानावर गेलो. इतक्या वर्षांनी तोल राहील की नाही या काळजीने मी मागे कॅरिअर धरून धावू लागलो. वीसेक पावले गेल्यावर त्यांनी मागे न पाहता सांगितले, "सोडा आता." मी सोडले. मैदानाच्या टोकाशी त्यांना वळता आले नाही, त्या उतरल्या, सायकल हाताने वळविली आणि पुन्हा बसून परत आल्या. तिसऱ्या फेरीला वळणेही साधले.

आता सकाळी आम्ही नाक्यापर्यंत बरोबर जातो. माझी जुनी सायकल जड, त्यांची हलकी, त्यामुळे त्या पुढे जातात आणि नाक्यावर थांबतात. जेम्स स्टार्लींच्या त्या दंतचक्रांची मला तेव्हा आठवण होते. नाक्यावरून त्या उजवीकडे शाळेला वळतात आणि मी डावीकडे कचेरीची वाट धरतो.

गिअरच्या सायकलीचा माझा मूळ प्रस्ताव मी मागे घेतलेला नाही. तो आता 'तिसरी सायकल' या शीर्षकाखाली आला असून तूर्त विचाराधीन आहे.